मागून देतो

कामरगावच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक सायकल आणि आईने बरोबर दिलेली भरपूर काळजी एवढंच सामान होतं. खोली बघायला गेले तर घरमालक ओट्यावर बसून दाढी करत होते. अर्धा गाल साबणाने पांढरा, अर्धा तसाच. नवी भाडेकरीण आली की लोक तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ट्रंकेकडे पाहिलं आणि भाडं सांगायच्या आधी विचारलं,

"बाई, तुमच्या मांगं या ट्रंकेचं काय?"

मी म्हटलं, "मागे कुठे, पुढेच तर ठेवली आहे."

"तसं नाही. तुमी मेल्यावर."

भरदुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, आणि एकट्या बाईला खोली देणारा त्या गावात दुसरा कोणी नव्हता. नाही तर मी तिथूनच कारंज्याची एसटी पकडली असती. राहिले. बरीच वर्षं राहिले. तेवढ्या वर्षांत त्या माणसाने बोलता बोलता मला इतक्या वेळा मारलं, तेही अतिशय आदराने, की मरणाची भीती माझ्या मनातून कायमची गेली. तेवढा एक उपकार त्यांचा मानायलाच हवा.

गाव त्यांना मागूनमामा म्हणायचं. तोंडावर नुसतं मामा. उंच, वाळकी मूर्ती, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. एक लिहायचं. दुसरं फक्त 'मोठ्या सही'साठी राखून ठेवलेलं, त्यामुळे त्यातली शाई कधीच वाळून गेली होती आणि हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत नव्हती. लग्न केलेलं नव्हतं. पूर्वी रस्त्याच्या कामावर मुकादम होते. दुष्काळात बाया खडी फोडायच्या आणि माप घेणारा साहेब मापात मारायचा. मामांनी एक दिवस साहेबाच्या हातातली टेप ओढून घेतली आणि साहेबाचीच उंची मोजली. सगळ्यांसमोर जोरात वाचूनही दाखवली, वर म्हणाले, "हे पन कमी भरून राह्यलं." नोकरी त्याच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी समिती निघाली.

समिती म्हणजे मजूर हक्क समिती. काम एकच, मजुरांच्या हक्कासाठी साहेबांच्या मागे लागणं. सभासद बहुतेक आमच्या वस्तीतल्या मजुरी करणाऱ्या बाया, थोडे पुरुष. माझ्या वेळी मुख्य भांडण गायरानातल्या जागेचं होतं. ज्यांना घर बांधायला हातभर जमीन नाही त्यांना गायरानातून जागा मिळावी, एवढी मागणी. जिल्ह्याचं ठिकाण तेव्हा अकोला. मामा निवेदन घेऊन अकोल्याला जायचे, साहेब बदललेला असायचा, नवा साहेब म्हणायचा की पहिल्यापासून सांगा. मामा न कंटाळता पहिल्यापासून सांगायचे. मला एकदा म्हणाले,

"सरकारले मरन नाही, बाई. साहेब मरते, मंत्री मरते, पन सरकार मरत नाही. मंग त्याच्याशी भांडनाऱ्याले मरन असून कसं चालन? मी मेलो का समिती मेली. मंग साहेब म्हनन, चला, फाइल बंद करा."

समितीचं कार्यालय म्हणजे मामांचा ओटा. मामा गेले की घर बहिणीच्या मुलांकडे जाणार होतं. ते अनसिंगकडे एका लहान वस्तीत शेती करत. कामरगावातलं दोन खोल्यांचं घर ठेवून ते काय करणार? विकणार. मग समिती बसणार कुठे आणि सरकारच्या नोटिसा येणार कोणत्या पत्त्यावर, हा प्रश्न मामांना खात होता. मागूनमामा हे नाव पडलं ते यातूनच.

'मागून' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. 'देत नाही' म्हणण्यात वाईटपणा येतो, 'देतो' म्हणण्यात धोका असतो. 'मागून देतो' म्हटलं की दोन्ही टळतात आणि समोरच्याला चहासुद्धा पाजावा लागत नाही. समितीच्या वर्गणीला सगळं गाव हेच उत्तर द्यायचं. त्यात पहिला नंबर किराणा दुकानवाल्या शेठचा. त्याचं दुकान आमच्या समोर, त्यामुळे पुढचा प्रसंग मी तांदूळ घेता घेता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"वर्गनी," मामा म्हणाले.

"मांगून देतो," शेठ म्हणाला.

"मांगून म्हंजे कवा?"

"मांगून म्हंजे पुढं."

"मांगून म्हंजे मांगं का पुढं, ते पक्कं करा आधी."

शेठ चिडला. "मामा, इतकी काय घाई हाय? मी काही मरून नाही राह्यलो."

मामा पाठीला मुंगळा चावल्यासारखे ताठ उभे राहिले. मग अगदी हळू, प्रेमाने म्हणाले, "बराबर. मंग मेल्यावर द्या. याच्याहून मांगून तं काही नसते ना, शेठजी?"

शेठच्या हातातलं माप माझ्या पिशवीवर तसंच थांबलं. त्या दिवसापासून मामांनी वर्गणी मागणं सोडलं. जो म्हणेल मागून देतो, त्याला ते म्हणायचे, लिहून द्या, माझ्या मागं अमुक वस्तू समितीले. त्यांचं म्हणणं असं की जिवंतपणी कोणाचा हात सुटत नाही, ते साहजिक आहे. पण मेल्यावर तर तो सुटतोच, मग सुटता सुटता समितीकडे सुटावा. यात कोणाचं काय जातं?

कोणाचं काही जात नव्हतं हे खरं, पण ऐकणाऱ्याचा जीव जात होता. मामा कोणाकडे मयताला गेले नाहीत इतके आजाऱ्यांकडे गेले. खाटेशेजारी बसायचे, कपाळावर हात ठेवायचे, ताप बघायचे आणि म्हणायचे, "बाकी सगयं ठीक. तुमच्या मांगं त्या वखराचं काय?" आजारी माणूस उठून बसायचा. खरोखर उठून बसायचा. एका म्हाताऱ्याने पंधरवडाभर अन्न घेतलं नव्हतं, त्याने मामांना दारात पाहून भाकर मागितली. पुढे पुढे लोक मामांना मुद्दाम बोलावून न्यायला लागले. दुसरीकडे काही घरांत कोणी आजारी पडलं की दार लावून घेत आणि मामा आले तर लहान मुलं शिकवल्यासारखी सांगत, "आबा वावरात गेले."

तरी हळूहळू लोक देऊ लागले. म्हणजे मागून देऊ लागले. आणि इथे मामांचा खरा विक्षिप्तपणा सुरू झाला. एखाद्याने वस्तू लिहून दिली की ती मामांच्या हिशेबी त्याच दिवसापासून समितीची होई. आपल्याकडे ती नुसती वापरायला, हयात असेपर्यंत. त्यामुळे मामा अधूनमधून तपासायला येत.

मी त्यांना बराच काळ दाद दिली नाही. शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून सायकल लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले तर मामा सायकलीशी उकिडवे बसलेले. मागचं चाक अंगठ्याने दाबून म्हणाले, "हवा कमी हाय. समितीची सायकल हाय, बाई, जपून चालवत जा." एकदा मी शाळेतल्या शिपायाला पोस्टात जायला ती दिली, तर मामांनी मला तीन वेळा सुनावलं की समितीची वस्तू विचारल्याशिवाय तिसऱ्याला देता येत नाही. माझी सायकल. माझ्या पगारातून घेतलेली. मी रागाने म्हटलं, "मामा, मी अजून जिवंत आहे." ते म्हणाले, "ते दिसून राह्यलं. म्हनून तं तुमाले चालवू देतो."

गोदामाय नावाची एक म्हातारी मजूर बाई होती. समितीची पहिली सभासद. तिच्याजवळ फक्त एक शेळी होती, ती तिने मोठ्या मनाने समितीला लिहून दिली. मग मामा रस्त्यात तिला अडवायचे. "गोदामाय, समितीची शेयी बारीक काहून झाली?" गोदामाय त्यांना घाबरणारी नव्हती. ती म्हणायची, "समितीनं चारा आनून द्यावा मंग." पुढे नातीच्या लग्नात तिने ती शेळी कापली. आता मामा काय करणार म्हणून सगळी पंगत त्यांच्याकडे बघत बसली होती. मामांनी मांडी घातली, दोनदा रस्सा वाढून घेतला आणि हात धुता धुता म्हणाले, "समितीच्या वतीनं सांगतो, मटन चांगलं झालं." गोदामायने शेळीच्या बदली तांब्याचा हंडा लिहून दिला. त्याला पोचा पडू नये म्हणून मग तिने तो नदीवर नेणं सोडलं, कारण मामा पोचे बघायचे.

आता इतकं झाल्यावर मामांनी स्वतःचं काही लिहून द्यायचं नाही हे कसं चालणार? त्यांचं घर समितीला द्यायचं हे तर त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. कारंज्याच्या वकिलांनी सांगितलं होतं की समिती रीतसर नोंदलेली पाहिजे, तरच तिला घर मिळेल. म्हणून अकोल्याला खेटे घालून मामांनी तिची नोंदणी करून आणली. मला त्यात चिटणीस केलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी घरातच राहत असल्याने पळून जाणार नव्हते. मग मामांनी मृत्युपत्र केलं: राहते घर, ओट्यासह, समितीस. 'ओट्यासह' हा शब्द वकिलांना अनावश्यक वाटत होता. मामांनी तो घालायलाच लावला. त्यांचं म्हणणं, घर नसलं तरी चालन, ओटा पाह्यजे.

झाल्या झाल्या त्यांनी थोरल्या बहिणीला कार्ड टाकलं. तिला सगळे आक्का म्हणत. कार्डावर लिहिलं, "माझे मृत्युपत्र झाले आहे. लवकर यावे."

आमच्या भागात मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. अंगणातच वाचतात आणि वाचल्या वाचल्या फाडून टाकतात. आक्काला वाचता येत नव्हतं. शेजारच्या कोणीतरी कार्ड हातात घेतलं, 'माझे मृत्यु' इथपर्यंत आला, आणि रीतीप्रमाणे टर्रकन फाडून मोकळा झाला. मेलेल्या माणसाने स्वतःच 'माझे' म्हणून कसं कळवलं, याचा विचार करायला आता कार्ड कुठे होतं?

मी सुटीच्या दिवशी कपडे वाळत घालत होते. एसटी थांब्याकडून रडण्याचा आवाज जवळ जवळ येत गेला आणि आमच्या दारात येऊन थांबला. आक्का, तिचे दोन मुलगे आणि वस्तीतली चार माणसं. वाशीम, कारंजा अशा दोन गाड्या बदलून आलेली, आणि आक्काचा आवाज अजून बसलेला नव्हता. मामा नेमके घरी नव्हते.

"कोठी हाय वं माया भाऊ?"

मी सरळ मनाने म्हटलं, "कारंज्याला."

आक्काने कपाळावर हात मारला. "कारंज्याले काहून नेलं त्याले?"

"नेलं नाही, गेलेत. वकिलांकडे."

थोरला मुलगा पुढे झाला. "वकील? म्हंजे केस झाली? कोनं मारलं मामाले?"

मी काही बोलेपर्यंत आक्काने अंगण गाजवलं. ते ऐकून शेजारपाजार गोळा झाला. बाई मास्तरीण आहे, धक्क्याने काहीबाही बोलते आहे, अशी समजूत करून घेऊन मला लोकांनी भिंतीशी बसवलं आणि पाणी पाजलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून अर्ध्या तासात तीन घरांतून भाकऱ्या आल्या. गोदामाय मामांच्या दाढीचा डबा छातीशी धरून बसली होती. समोर शेठने दुकानाची अर्धी फळी लावली आणि टोपी काढून अंगणात आला. त्याचेही डोळे भरले होते, हे मी पाहिलंय आणि त्यात खोटं नव्हतं.

"देवमानूस होता," शेठ म्हणाला. "त्याची एकच मागनी होती आपल्यापाशी. मी मेल्यानं कधी देल्लं नाही. आज सगळ्यासमोर सांगतो, त्याच्या नावानं समितीले लोखंडी कपाट देतो. मोठं. आरशाचं."

"आज का मांगून?" मागून आवाज आला.

मामा एसटीतून उतरून आले होते. हातात पिशवी, पिशवीत कारंज्याच्या बाजारातली वांगी.  शेठ टोपी घालायची की काढून ठेवायची या विचारात उभा राहिला. आक्का उठली, भावाजवळ गेली, त्याचा गाल चाचपून पाहिला आणि त्याच गालावर एक ठेवून दिली.

"मेला नाहीस तं कार्ड काहून टाकलं?"

भाकऱ्या आलेल्याच होत्या. वांग्याची भाजी झाली आणि सगळे जेवून उठले. कपाट त्याच आठवड्यात आलं. आरशाशिवाय आलं, शेठ म्हणाला की आरसा तो मागून देईल.

जेवण झाल्यावर मामांनी मोठ्या हौसेने मृत्युपत्राची हकीकत सांगितली. घर समितीचं. भाच्यांचे चेहरे पडले, पण ते काही बोलले नाहीत. आक्का मात्र सुपारी कातरता कातरता थांबली.

"अन् मी कोठी येऊ?"

"कोठी म्हंजे? तुले काय घर नाही?"

"ते पोरायचं घर हाय. हे मायं माहेर हाय."

"माहेर काय भिंतीत असते काय, आक्का?"

"भिंतीत नाही तं कशात असते? माय नाही, बाप नाही. तू तं हा असा, जित्तेपनीच कागदावर मरून राह्यला. गावातल्या शेयीले विचारलं, हंड्याले विचारलं. मले विचारलं काय?"

 मला मामांचा फार राग आला. दारोदार फिरून लोकांना तुमच्या मागं काय, तुमच्या मागं कोण असं विचारणारा माणूस, आणि स्वतःच्या मागं कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं. आक्का त्याच संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. जाताना ओट्याची पायरी उतरून तिने मागे वळून घराकडे पाहिलं. मामा रात्री न जेवता ओट्यावर बसून राहिले. 

सकाळी पहिल्या गाडीने ते परत कारंज्याला गेले. पुढचं मी वकिलांकडूनच नंतर ऐकलं. मामा म्हणाले, एक कलम वाढवा. वकील म्हणाले, बोला. मामांनी सांगितलं, "माझी बहीण जेव्हा जेव्हा येईल तेव्हा समितीने तिला माहेरपण द्यावे. जाताना लुगडे द्यावे. ती रागावल्यास ऐकून घ्यावे."

वकील हसले. म्हणाले, "अहो मामा, समिती माहेरपण कसं करणार? कायद्यात माहेरपण नाही."

"तुमच्या कायद्यात नसन. आमच्यात हाय. लिहा."

समितीला असल्या कामाची सवय नाही हे मामांना कळत होतं. म्हणून ते म्हणाले, मी हाय तोवर एकदा करून पाहू, चुकलं तं सांगता येईन. पुढच्या सभेत विषय पहिला गायरान, विषय दुसरा आक्काचं माहेरपण. गायरानाचा विषय पाच मिनिटांत संपला, कारण साहेब पुन्हा बदलला होता. दुसरा विषय दिवस मावळेपर्यंत चालला. रोडगे करायचे की पुरणपोळी, यावर दोन तट पडले. लुगड्याच्या रंगावर तर मतदान घ्यावं लागलं. गोदामाय हिरव्यावर अडून बसली, निळं जिंकलं, आणि तिने आपला विरोध नोंदवून घ्यायला लावला. तो मी नोंदवला.

आक्काला आणायला भाच्यांच्या गावी समितीचा माणूस गेला. मुराळी म्हणून एखाद्या संस्थेचा माणूस जाण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. आक्का फुगूनच आली. रोडगे कच्चे आहेत म्हणाली. वरणात मीठ कमी. पाणी कोमट. बसायला दिलेल्या सतरंजीचा वास येतो. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, तशी मामांनी ओट्यावरून हाक दिली, "ऐकून घ्या. कलमात हाय."

दुसऱ्या दिवशी तिने गोदामायकडून डोक्याला तेल लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी सभेत येऊन बसली आणि मध्येच म्हणाली, "तुमी दरवेळी साह्यबाले भेटाले जाता. एकदा साह्यबाच्या बायकोले भेटाले जा ना." त्यावर मात्र समितीने गंभीरपणे विचार केला. निघायच्या दिवशी निळं लुगडं नेसून ती ओट्यावर आली आणि बायांच्या गळ्यात पडून इतकी रडली की शेठ पुन्हा टोपी काढून बाहेर आला.

नंतर ती दरवर्षी येत गेली, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी, आणि दरवर्षी मीठ कमीच असायचं.

मामा गेले ते एका उन्हाळ्यात, दुपारी झोपेतच. गावाला खरं वाटेना. एकदा फसलेले लोक, त्यामुळे पहिला तासभर कोणी रडलंच नाही. शेठ येऊन नाकाशी बोट धरून गेला आणि मग आपल्या ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. माझी आई दूर होती, वडील नव्हते. त्या गावात माझ्या सायकलीच्या हवेची काळजी करणारा दुसरा कोण होता? पोचवायला समितीच्या बाया पुढे होत्या. खांदाही त्यांनीच दिला, कोणाला न विचारता.

आक्काला या वेळी कार्ड टाकलं नाही, माणूस पाठवला.

काही दिवसांनी घराची नोंद समितीच्या नावे करायची वेळ आली. त्यासाठी ग्रामपंचायतीत बोलावणं आलं. ग्रामसेवक नवा, तरुण, भांडणाला घाबरणारा. भाचे आले होते आणि या वेळी बोलायचं ठरवूनच आले होते. आक्का त्यांच्यामध्ये बसली होती. समितीच्या बाया दारात उभ्या होत्या, आणि मी चिटणीस म्हणून टेबलाशी, मृत्युपत्र हातात घेऊन.  गायरानाचा निकाल त्याच महिन्यात याच घराच्या पत्त्यावर येणार होता, आणि भाचे कोर्टात गेले असते तर आमच्याजवळ वकिलाला द्यायला, शेठचं कपाट सोडलं तर, हंडा आणि सायकल एवढंच होतं, तेही कोणीतरी मेल्यावर.

"आमची हरकत हाय," थोरला भाचा म्हणाला. "मामाले बायको नाही, लेकरू नाही. घर आमच्या मायच्या वाट्याचं."

ग्रामसेवक घाम पुसत म्हणाला, "बहिणीची हरकत असेल तर मला नोंद करता येत नाही. मग कोर्टातून आणावं लागेल."

"हाय ना हरकत," भाचा म्हणाला. आणि मग आईकडे वळून, जरा आवाज चढवून, "तूच सांग माय. हे समिती समिती लावलं सगळ्यायनं. हे समिती आपली लागते कोन?"

आक्काने दाराकडे पाहिलं. तिथे गोदामाय उभी होती, आणि तिच्या मागे बाकीच्या, उन्हातून कामावरून तशाच आलेल्या. आक्का मग मुलाकडे वळली.

"मायी भावजय लागते. तुयी मामी." तिने पदर खांद्यावर सारखा केला आणि ग्रामसेवकाला म्हणाली, "भाऊ मेला म्हनून भावजयीले घराबाहेर काढत असतात काय रे? कर नोंद."

ग्रामसेवकाने माझ्याकडे पाहिलं. मी मृत्युपत्र त्याच्यासमोर ठेवलं. आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दारातल्या बायांना म्हणाली, "अन् तुमी काय पाह्यता वं उभ्या उभ्या? चाला घरी. भाकरी टाका. सकायपासून माया पोटात काही नाही."